संस्थांचे संगणकीकरण आणि पर्यावरणीय शाश्वतता : शहापूर-आसनगाव परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात 'हरित' हे विशेषण रूढ झाले. २००७ मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेने जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे २ टक्के वाटा माहिती व दळणवळण तंत्रज्ञानाचा असल्याचा अंदाज मांडला. हा वाटा विमान वाहतुकीच्या वाट्याइतका होता. संगणक हा स्वच्छ, निर्धूर उद्योग आहे, या समजुतीला त्यामुळे प्रथमच धक्का बसला. त्यानंतर लगेच, २००८ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या 'स्मार्ट २०२०' या अहवालाने चित्राची दुसरी बाजू पुढे आणली. या तंत्रज्ञानाचा इतर क्षेत्रांत योग्य उपयोग केल्यास २०२० पर्यंत जागतिक उत्सर्जनात सुमारे १५ टक्के घट शक्य आहे, आणि ही घट तंत्रज्ञानाच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या पाचपट असेल, असे त्यात प्रतिपादन होते.

हे दोन विचार आजही संस्थांच्या धोरणांमागे उभे आहेत. पहिला विचार तंत्रज्ञान हरित करण्याचा आहे, तर दुसरा तंत्रज्ञानाने संस्था हरित करण्याचा. व्यवहारात मात्र दुसऱ्याचाच गाजावाजा अधिक होतो. कार्यालय संगणकीकृत झाले, परिपत्रके ई-मेलने जाऊ लागली, वीजमापक 'स्मार्ट' झाले, की संस्था पर्यावरणस्नेही झाली असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीताची चिकित्सा केली आहे. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर-आसनगाव हा परिसर संदर्भ म्हणून घेतला आहे. मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग जेथून जातो आणि जेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, असा हा परिसर आहे. संस्थेचे 'हरितत्व' कोठून कोठपर्यंत मोजायचे, हा प्रश्न येथे जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका तो क्वचितच अन्यत्र दिसेल.

२. सूत्र आणि त्यातील गृहीतके

या विषयाच्या सैद्धान्तिक मांडणीत २०१० हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी 'एमआयएस क्वार्टर्ली' या नियतकालिकात नायजेल मेलव्हिल यांचा लेख आणि वॉटसन, बुद्रो व चेन यांचा लेख असे दोन लेख प्रसिद्ध झाले. दुसऱ्या लेखातील एक असमीकरण विशेष प्रसिद्ध आहे : ऊर्जा + माहिती < ऊर्जा. माहितीची जोड मिळाली की तेच काम कमी ऊर्जेत होते, असा त्याचा आशय आहे. रिकामा वर्ग ओळखून पंखे बंद करणारी यंत्रणा किंवा कमी अंतराचा मार्ग सुचविणारी वाहतूक प्रणाली ही त्याची साधी उदाहरणे होत.

या असमीकरणाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते खरे ठरण्यासाठी चार अटी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि त्या बहुधा न सांगताच गृहीत धरल्या जातात. पहिली, माहिती मिळविण्यासाठी व साठविण्यासाठी लागणारी ऊर्जा आणि साधने हिशेबात धरलेली असावीत. दुसरी, मोजलेली माहिती खरी असावी. तिसरी, बचत ज्या सीमेत मोजली त्या सीमेबाहेर भार ढकललेला नसावा. चौथी, माहिती ज्याच्या हाती पडते त्याला निर्णय घेण्याचा अधिकार असावा. 'स्मार्ट २०२०'ने सांगितलेली १५ टक्क्यांची घटही 'आहे तसेच चालू राहिले असते तर' या कल्पित उत्सर्जनाच्या तुलनेत होती. कल्पित भविष्याशी केलेली तुलना पडताळून पाहता येत नाही. जे पडताळता येते ते असे : २०२० मध्ये जागतिक उत्सर्जन घटले ते प्रामुख्याने कोविडच्या टाळेबंदीमुळे, आणि २०२४ पर्यंत त्याने पुन्हा नवा उच्चांक गाठला.

कार्यक्षमता वाढली म्हणजे वापर घटतोच असे नाही, हे इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाच्या संदर्भात १८६५ मध्येच दाखविले होते. वाफेचे इंजिन सुधारले, तसा कोळसा स्वस्तात काम देऊ लागला आणि त्याची मागणी वाढली. संगणनाचेही तसेच होत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जागतिक वीजवापराच्या सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होण्याची शक्यता तिने वर्तविली आहे.

३. कागदाचा हिशेब

शिक्षणसंस्थांत 'हरित' संगणकीकरणाचा सर्वांत परिचित दावा कागदाच्या बचतीचा असतो. अबिगेल सेलेन व रिचर्ड हार्पर यांनी या शतकाच्या आरंभी कागदविरहित कार्यालयाच्या कल्पनेवर ग्रंथ लिहिला. संस्थेत ई-मेल आल्यानंतर कागदाचा वापर सरासरी ४० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी त्यात नोंदविले. कारण उघड आहे. जे पूर्वी एका ठिकाणी टंकलिखित होऊन फिरत असे, ते आता प्रत्येकाच्या टेबलावर छापले जाऊ लागले.

मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांमध्ये झालेले दोन बदल या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. पहिला बदल प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवून केंद्रावरच छापण्याचा. यात गठ्ठ्यांची वाहतूक वाचते आणि उपस्थितीनुसार प्रती काढता येत असल्याने शिल्लक प्रतींची नासाडी टळते. कसारा मार्गावरील दूरच्या महाविद्यालयांसाठी ही बचत खरी आहे. दुसरा बदल २०१७ च्या उन्हाळी परीक्षेतील ऑनस्क्रीन मूल्यांकनाचा. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका कागदावरच लिहिल्या गेल्या. त्यानंतर त्या एकत्र करून स्कॅन करण्यात आल्या आणि प्राध्यापकांनी नेमलेल्या केंद्रांवर जाऊन संगणकाच्या पडद्यावर त्या तपासल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल लांबले आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. या पद्धतीचे समर्थन पारदर्शकता, गोपनीयता व अचूक बेरीज या मुद्द्यांवर करता येते, आणि ते योग्यही आहे. परंतु कागद, वाहतूक व वीज यांच्या हिशेबात पाहता येथे एका पद्धतीच्या जागी दुसरी पद्धत आली नाही. जुन्या पद्धतीवर नवी पद्धत चढविली गेली.

यावरून एक निकष हाती येतो. संगणकीकरणामुळे जुनी साखळी खंडित झाली का, हे प्रथम पाहावे. ती खंडित झाली असेल तर बचतीची शक्यता असते. दोन्ही साखळ्या समांतर चालू असतील तर भार वाढतो. महाविद्यालयांत हजेरी पुस्तकातही आणि प्रणालीतही भरावी लागते, प्रवेश-अर्ज ऑनलाइन भरून पुन्हा त्याची छापील प्रत सादर करावी लागते, हा अनुभव प्राध्यापकांस नवा नाही.

विजेचा हिशेबही याच सूत्राने करता येईल. समजा, एखाद्या ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ६० संगणक आहेत आणि काम संपल्यावर ते बंद न होता प्रत्येकी ४० वॅटवर १६ तास चालू राहतात. दिवसाला ३८.४ युनिट, ३०० दिवसांत ११,५२० युनिट वीज वाया जाते. भारतातील विजेचा मोठा भाग कोळशापासून येत असल्याने प्रतियुनिट सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर हे उत्सर्जन वर्षाला सुमारे ८ टन भरते. ही बचत करण्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. शेवटच्या तासाला मुख्य कळ बंद करण्याची जबाबदारी कोणाची, एवढे ठरविणे पुरेसे आहे.

४. पुराव्याचा प्रश्न

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, २०१७ पासून लागू झालेल्या चौकटीत स्वयंमूल्यांकन अहवाल ऑनलाइन सादर करण्याची पद्धत आली. सातव्या निकषात पर्यावरणविषयक उपक्रमांना स्थान मिळाले. ग्रीन ऑडिट, ऊर्जा ऑडिट, पर्जन्यजल संधारण, एलईडी दिवे, ई-कचरा व्यवस्थापन यांचे पुरावे मागविले जाऊ लागले आणि त्यांसोबत जिओटॅग केलेली छायाचित्रे जोडावी लागू लागली. हेतू चांगला होता. ज्या महाविद्यालयांनी पाण्याचा व विजेचा विचारही कधी केला नव्हता, त्यांना तो करावा लागला, हे श्रेय या चौकटीला दिलेच पाहिजे.

तथापि, जिओटॅग केलेले छायाचित्र काय सिद्ध करते, हे नीट पाहिले पाहिजे. अमुक दिवशी अमुक अक्षांश-रेखांशावर एक टाकी होती, एवढेच ते सिद्ध करते. त्या टाकीत किती पाणी साठले आणि त्यामुळे कूपनलिकेतून किती कमी उपसा झाला, हे त्यावरून कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे सांगितले, त्याचा व्यापक अर्थ असा घेतला जातो की एखादे माप उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही. पाणी वाचविणे हे उद्दिष्ट असताना छायाचित्र मिळविणे हेच उद्दिष्ट झाले, तर डिजिटल पुरावा जितका अचूक तितका तो दिशाभूल करणारा ठरू शकतो.

ऑडिट कोण करतो आणि त्याचे मानधन कोण देतो, हा प्रश्न याहूनही मूलभूत आहे. ग्रीन ऑडिट करणाऱ्या संस्थेची निवड सामान्यतः महाविद्यालयच करते आणि शुल्कही तेच देते. शेजारच्या गुजरातमध्ये याच प्रश्नावर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. एस्थर ड्यूफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी अहमदाबाद व सुरत परिसरातील कारखान्यांच्या प्रदूषण-ऑडिटचा अभ्यास केला. काही कारखान्यांसाठी ऑडिटरची नेमणूक सोडत पद्धतीने करण्यात आली, मानधन मध्यवर्ती निधीतून देण्यात आले आणि त्यांच्या काही मोजण्यांची फेरतपासणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या ऑडिटरांचे अहवाल अधिक सत्य होते आणि संबंधित कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. मोजण्याचे उपकरण येथे नवीन नव्हते. मोजणारा कोणाच्या पैशावर अवलंबून आहे, एवढेच बदलले होते.

उपकरणे बदलूनही फरक पडतो, परंतु नियमांची जोड मिळाली तरच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ उद्योगप्रकारांना उत्सर्जनाची अखंड ऑनलाइन मोजणी करणारी यंत्रणा बसविण्याचे निर्देश दिले. सुरतमध्ये २०१९ पासून या मोजणीच्या आधारे धूलिकणांच्या उत्सर्जन-परवान्यांचा बाजार सुरू करण्यात आला आणि त्यात सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते जनतेसमोर मांडण्याची योजना आणली. मोजलेले आकडे दप्तरात न ठेवता लोकांसमोर ठेवायचे, हे तिचे वेगळेपण होते.

५. सीमेचा प्रश्न : शहापूरचे पाणी

संस्थेची शाश्वतता मोजताना सीमारेषा कोठे आखायची, हा या चर्चेतील सर्वांत कठीण प्रश्न आहे. भांडवली बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाची पद्धत आणली आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना ती बंधनकारक केली. पाणी, ऊर्जा, कचरा व उत्सर्जन यांचे आकडे संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात त्यात द्यावे लागतात. ही मोठी सुधारणा आहे. परंतु एखाद्या कार्यालयाने 'महापालिकेकडून घेतलेले पाणी' अशी नोंद केली की त्याचा हिशेब तेथे संपतो. ते पाणी महापालिकेकडे कोठून आले, हे त्या रकान्यात उमटत नाही.

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांची एकूण उपयुक्त साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी भातसाची ७,१७,०३७ आणि तानसाची १,४५,०८० दशलक्ष लिटर आहे. हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. म्हणजे मुंबईच्या साठ्यापैकी जवळजवळ ६० टक्के साठा या एका तालुक्यात आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, तेव्हापासून येथील पाणी शहराकडे जात आहे. दर पावसाळ्यात रोज सकाळी या सात जलाशयांचा साठा एकेका दशलक्ष लिटरपर्यंत जाहीर होतो आणि वृत्तपत्रांतून मुंबईकरांच्या हाती पडतो. संस्थात्मक माहिती-व्यवस्थेचा हा उत्तम नमुना आहे.

त्याच तालुक्यातील अनेक गावांना व आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. कारणे भौगोलिकही आहेत : सह्याद्रीच्या उतारावरचा कठीण कातळ, धावून जाणारे पावसाचे पाणी, धरणाच्या पातळीपेक्षा उंचावर वसलेल्या वाड्या. परंतु कारणे केवळ भौगोलिक नाहीत. शहराकडे जाणाऱ्या पाण्यासाठी जलवाहिन्या, उदंचन केंद्रे व शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. डोंगरावरच्या पाड्यासाठी ती गुंतवणूक झाली नाही. अखेर शहापूरच्या गावांसाठी इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली. आपल्या भूमीत एवढा साठा असलेल्या तालुक्याला शेजारच्या जिल्ह्यातील धरणाकडे पाहावे लागावे, यात सर्व काही आले.

आता या स्थितीवर डिजिटल उपाय योजला तर काय होईल, याचा विचार करावा. टँकरवर जीपीएस बसविले की टँकर ठरलेल्या पाड्यावर गेला की नाही, हे कळते. खोट्या फेऱ्यांना आळा बसतो, सार्वजनिक पैसा वाचतो. हे लाभ कमी लेखू नयेत. मात्र टँकर का लागतो, या प्रश्नाला ही यंत्रणा स्पर्श करीत नाही. उलट टँकरची व्यवस्था अधिक कार्यक्षम झाली म्हणजे ती कायमची होण्याची शक्यता वाढते. मुंबईतील एखाद्या इमारतीने स्वयंचलित जलमापक बसवून पाणी वाचविले तरी ते शहापूरच्या पाड्याला आपोआप मिळत नाही. ते शहरातच दुसऱ्या नळाला जाते. बचतीचा लाभ उगमापर्यंत पोहोचविणारी संस्थात्मक तरतूद नसेल, तर तंत्रज्ञानाने केलेली बचत सीमेच्या आतच फिरत राहते.

६. माहिती कोणाच्या हाती

याच्या उलट उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे आहे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या दुष्काळी गावात पाणलोटाची कामे सुरू झाली. पुढे गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत स्वीकारली. गावातील पाऊस व विहिरींची पातळी मोजायची, उपलब्ध पाण्याचा अंदाज ग्रामसभेपुढे ठेवायचा, आधी पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि मग कोणती पिके घ्यायची हे ठरवायचे, असा हा क्रम आहे. यासाठी लागणारी साधने साधी आहेत. परंतु वर सांगितलेल्या चारही अटी येथे पूर्ण होतात. माहिती गोळा करण्याचा भार अल्प आहे, मोजणी सर्वांसमोर होते, सीमा पाणलोटाची आहे, आणि मोजणारेच निर्णय घेणारे आहेत. पाऊस कमी झाला तर कोणते पीक टाळायचे, हे त्याच सभेत ठरते.

हिवरे बाजारचे यश सर्वत्र जसेच्या तसे उतरविता येईल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ते एक लहान गाव आहे आणि त्याला दीर्घकाळ एकसंध नेतृत्व लाभले आहे. शहापूरमध्ये पाण्यावर निर्णय घेणाऱ्या यंत्रणा मुंबईत व मंत्रालयात आहेत, ग्रामसभेत नाहीत. म्हणूनच येथे केवळ संवेदक व संकेतस्थळे वाढवून प्रश्न सुटणार नाही. माहिती पाड्याकडे आली तरी तिच्यावर कृती करण्याचा अधिकार मागे राहतो.

७. यंत्राचा अखेरचा प्रवास

संस्थेच्या हरित अहवालात नव्या संगणकांची संख्या असते, जुन्या संगणकांचे पुढे काय झाले याचा उल्लेख क्वचित असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचराविषयक २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६२० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचरा नोंदणीकृत रीतीने गोळा होऊन पुनर्चक्रित झाला. भारतात २०१६ च्या ई-कचरा नियमांत मोठ्या ग्राहकांच्या व्याख्येत शिक्षणसंस्थांचा नामोल्लेख होता. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत मात्र वर्षात किमान १,००० उपकरणे वापरणारी संस्था म्हणजे मोठा ग्राहक, अशी व्याख्या आली. आसनगाव-मुरबाड पट्ट्यातील बहुतेक महाविद्यालये या मर्यादेच्या खालीच राहतील. कायदेशीर बंधन सैल झाले म्हणून पारा व शिसे असलेले पडदे भंगारवाल्याच्या गाडीवर चढावेत, हे शिक्षणसंस्थेला शोभणारे नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य संपले. ज्या संगणकांवर पुढील आवृत्ती चालत नाही, ते यंत्र म्हणून धडधाकट असूनही 'जुने' ठरले. अशा यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवून त्यांचे आयुष्य वाढविणे हा पर्याय प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे. संगणकाच्या एकूण पर्यावरणीय भारापैकी मोठा भाग त्याच्या निर्मितीतच खर्च होत असल्याने नवे 'ऊर्जाबचत' यंत्र घेण्यापेक्षा जुने यंत्र अधिक काळ वापरणे अनेकदा श्रेयस्कर ठरते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) संगणकीकरण आणि शाश्वतता यांचा संबंध अपरिहार्य नाही. जुनी प्रक्रिया खरोखर बंद होते तेव्हाच बचत संभवते. दोन्ही प्रक्रिया समांतर चालल्यास भार वाढतो.

(२) डिजिटल पुरावा हा परिणामाचा पुरावा नव्हे. ग्रीन ऑडिटमध्ये छायाचित्रांऐवजी सलग तीन वर्षांचे वीज व पाणी यांचे मापन मागितले आणि ऑडिटरची नेमणूक महाविद्यालयाच्या हाती न ठेवता सोडतीने केली, तर या अहवालांचे मोल वाढेल.

(३) संस्थेची सीमा भिंतीपाशी संपत नाही. मुंबईतील संस्थांच्या पाण्याच्या हिशेबात उगमाच्या तालुक्याचा रकाना असला पाहिजे, आणि जलसाठ्याच्या दैनिक आकड्यांसोबत उगमाच्या तालुक्यातील टँकरची संख्याही प्रसिद्ध झाली पाहिजे.

(४) माहिती व अधिकार एकत्र आल्याखेरीज तंत्रज्ञान फळत नाही.

या परिसरातील महाविद्यालयांना यात एक काम करण्याजोगे आहे. त्यांचे विद्यार्थी याच गावांतून व पाड्यांतून येतात. भूगोल, अर्थशास्त्र, विज्ञान व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या विद्यार्थ्यांच्या गावांतील विहिरींची पातळी दर महिन्याला मोजली आणि ते आकडे ग्रामसभेला दिले, तर त्यासाठी लागणारा संगणक महाविद्यालयात आधीच आहे. एवढे झाले तरी मुंबईला दिसणाऱ्या आकड्यांच्या शेजारी शहापूरचे आकडे उभे राहतील, आणि पाणीवाटपाच्या चर्चेत तालुक्याला आपली बाजू मोजून मांडता येईल.